शकुनच्या घरचं वाफेचं मशीन

मी एक जुनं वाफेचं मशीन आहे, मित्रांनो. दम लागलेल्या लेकरांच्या छातीत औषधाची वाफ पोचवायची, हे माझं काम. शकुनने मला तिच्या चार वर्षांच्या करिश्मासाठी आणलं. करिश्माचा बाप ती तान्ही असतानाच अकोल्याला गेला, तो तिकडेच राहिला.

राजापेठेतल्या आमच्या गल्लीत दुसरं मशीन नव्हतं. सगळ्या आया मलाच मागून न्यायच्या आणि शेंबडाने माखलेल्या मास्कसकट परत करायच्या. वरून ओट्यावर बसून शकुनलाच हसायच्या, "नवऱ्याले सांभाळता नाही आलं तिले." यांतल्या अर्ध्यांचे नवरे लेकरू खोकलं की डोक्यावरून पांघरूण ओढून घेत. मी ते त्यांच्याच घरांत पाहिलं आहे.

एके दिवशी मी गल्लीतल्याच वच्छलाबाईंच्या कपाटावर होतो. नातवाचा खोकला केव्हाच थांबला होता, तरी मला परत धाडलं नव्हतं. घरात धाकट्या सुनेचं डोहाळजेवण होतं. गल्लीतल्या सगळ्या आयांना बोलावणं, शकुनला नाही.

दुपारी शकुन धावतच दाराशी आली. "काकू, मशीन द्या लवकर. पोरीले दम लागला!"

वच्छलाबाईंनी दार अडवलं. "थांब थोडी. ओटी भरून राहिलो आमी. अशा वेळी तू आत नको येऊ."

पंधरा बायका बसल्या होत्या. कुणी निऱ्या सारख्या करत होती, कुणी फोटो काढत होती. थू!

अखेर पौर्णिमा उठली. तिचा नवरा अंजनगावला नोकरीला, महिन्यातून एकदा येणारा. ओट्यावर हसायला तीही असायची.

"लेकराचा दम ओटीसाठी थांबते का काकू?" म्हणत तिने मला खाली ओढलं आणि शकुनसोबत पळाली.

करिश्माचे ओठ निळे पडू लागले होते. शकुनने तिला मांडीवर घेतलं, पौर्णिमाने मास्क धरला. मी जीव खाऊन घरघरत राहिलो. हळूहळू छातीतली शिट्टी मंदावली, तशी पौर्णिमाच रडायला लागली.

"मीबी हासली वं तुले."

"माहीत आहे मले. मास्क सरळ धर."

आठवड्याने वच्छलाबाईंचा निरोप आला, नातू खोकून राहिला, मशीन पाठव. शकुनने सांगितलं, "मशीन इथंच राहीन. लेकराले घेऊन या." वच्छलाबाई आल्या, खाली मान घालून बसल्या. मी त्या पोराला वाफ दिली. त्याचा काय दोष?

मित्रांनो, वापरलेला मास्क धुऊन ठेवा. मागून आणलेली वस्तू वेळेवर परत करा. आणि कुणाचंही लेकरू श्वासासाठी तडफडत असेल तर आधी उठा. जी उठत नाही, तिची ओटी कितीही वेळा भरली असो, मी तिला आई म्हणत नाही.