सुंभाच्या दुसऱ्या टोकाला जानू

जानू दिसण्याआधी त्याचा वास यायचा. खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने मुरलेल्या नारळाच्या सोडणांचा, खारट, आंबूस, हट्टी. तुरुंगातल्या काथ्याच्या शेडमध्ये सकाळचं ऊन पत्र्याच्या फटींतून तिरपं उतरे, तंतूंची धूळ त्यात सोनेरी होई, आणि काथ्या सोडत एकेक पाऊल मागे सरकणारा तो धिप्पाड माणूस मला ओहोटीसारखा वाटे. हातातलं सगळं देऊन निमूट दूर जाणारा.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी तिथे सुंभ वळायला शिकवायचो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण हे काम मला बापाने शिकवलं, कॉलेजने नाही, आणि दोहोंचा मला सारखाच अभिमान आहे. जानूच्या कागदांवर ‘मतिमंद’ असं लिहिलेलं. वार, नोटा, घड्याळ, यांतलं त्याला काही उमगत नसे. गावातल्या दोघांनी चोरीचं गाठोडं पुढे करून ‘धर’ म्हटलं, याने धरलं. चौकशीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हटलं. आयुष्यात त्याने कुणाला नकार दिलाच नव्हता.

सुंभाचं काम दोघांचं. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने काथ्या सोडत मागे जायचं, आणि पीळ भरला की ‘पुरे’ म्हणून ओरडायचं. जानूच्या बोटांना पीळ अचूक कळे. त्याच्या भुवया ताणल्या जात. शब्द मात्र फुटत नसे. सुंभ वेटोळून जाई, तळहात सोलवटत, आणि तो आमच्याकडे बघून हसे.

“मास्तर, झाडू द्या त्याच्या हातात,” हवालदार म्हणायचे. “तुमचं बीए फुकट चाललंय हितं.”

“चालू दे.”

गणपतीआधी जानू सुटणार होता. नाट्याला, आपल्या गावी, बहिणीकडे जाणार होता, आणि गाठोडं देणारे ते दोघेही तिथलेच. ‘पुरे’ हा एक शब्द तोंडात बसवल्याशिवाय त्याला फाटकाबाहेर पडू द्यायचं नाही, असं मी ठरवूनच टाकलं. त्याच्या हातावर हात ठेवून मी रोज उभा राही. पीळ भरला की ‘पुरे’ म्हणे, तो नुसते ओठ हलवी. आषाढ असाच सरला.

श्रावणातल्या एका दुपारी हवालदारांनी गंमत म्हणून चाक हाती घेतलं आणि फिरवतच राहिले. मी मुद्दाम गप्प राहिलो.

“पुरे!”

भसाडा, भेदरलेला, पण अख्खा आवाज. चाक थांबलं. आता मार बसणार म्हणून जानूने मान खांद्यांत ओढून घेतली.

हवालदारांनी टोपी मागे सारली. “आयला, मलाच?” मग हसून म्हणाले, “बरं जानूशेठ, थांबलो.”

जानूने मान हळूच वर काढली. सुंभ बोटांनी चाचपला, सोडवून ठेवला, नवा काथ्या चाकाला लावला आणि पुन्हा मागे जाऊन उभा राहिला. “आता फिरवा,” तो म्हणाला.

गणपतीआधी तो गेला. गावात त्याच्यापुढे पुन्हा कोण येऊन उभं राहिलं, त्याने काय म्हटलं, हे मला कधी कळलं नाही. शेडमध्ये त्याच्या जागी दुसरं माणूस आलं, मग तिसरं. काळाने त्याचा चेहरा माझ्याकडून हळूहळू नेला. तो आवाज मात्र मी अजून सोडलेला नाही.