हाताला हात लागू द्या

बागेत दोन लोखंडी झाडं उभी राहिली तेव्हा लोकांनी आधी रीतसर नाकं मुरडली. रस्त्यातले खड्डे बुजवायचे सोडून हे काय खूळ काढलंय, असं ज्याने त्याने ज्याला त्याला ऐकवलं. झाडांना पानं नव्हती, फांद्यांच्या जागी पोकळ नळ्या होत्या आणि खोडाला छातीच्या उंचीवर पितळेचा एकेक पंजा बसवलेला होता. खाली पाटी होती. एकाने या पंजावर हात ठेवा, दुसऱ्याने त्या पंजावर, मधल्यांनी एकमेकांचे हात धरा, हाताला हात लागू द्या.

हात लागले की झाडं गायची. शब्द नाहीत, नुसता घुमणारा सूर, आणि मधली माणसं वाढली की सूर बदलायचा. नाकं मुरडणारेच मग रांगेत उभे राहायला लागले. शेजाऱ्याशी जन्मात धड न बोललेला कुलूपवाला एका अनोळखी नर्सचा हात धरून तोंड उघडं टाकून वर बघायचा. सूर थांबला की दोघंही लाजायची आणि आपापल्या वाटेने निघून जायची. माणसांना हात धरायला लोखंडाची परवानगी लागते, त्याला कोण काय करणार.

आत्या कामावरून परतताना हे रोज बघायची. भावाची मुलगी टिकली तिला आत्या म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायची. लग्न काही टिकलं नाही आणि ती दादाच्या घरी परतली, तेव्हा टिकली पाळण्यात होती. वहिनीला कापडाच्या दुकानात उभं राहावं लागे. त्यामुळे टिकली शाळेत जाईपर्यंत आत्याच्या कडेवरून खाली उतरलीच नाही. मग दिवस रिकामे झाले आणि आत्याने एका मोठ्या खानावळीत लसूण सोलायचं काम धरलं.

दिवसभर गड्डे फोडायचे, पाकळ्या कोमट पाण्यात टाकायच्या आणि अंगठ्याच्या नखाने साल काढायची. लसणाने बोटं आधी भाजतात, मग सोलवटतात, मग निबर होतात. आत्याची कधीच निबर झाली होती. शेगडीवरचं पातेलं ती नुसत्या हाताने उतरवायची. बटण लावताना सुई रुतली तरी रक्त दिसेपर्यंत तिला पत्ता नसायचा. वास मात्र सगळ्यांना यायचा. लिंबू चोळून झालं, साबण बदलून झाले, वास काही हटला नाही.

हे सगळं ती हसत सांगायची. तिला लागलेली गोष्ट वेगळीच होती. टिकली इतकी वर्षं तिच्या कुशीत झोपायची, आणि थंडी सुरू झाली तशी वहिनीने तिची गादी उचलून आपल्या खोलीत नेली. "मोठी झाली आता. अभ्यासाला उजेड लागतो तिला," वहिनी म्हणाली. आत्याने टिकलीची उशीही तिच्या हातात दिली. रात्री रिकाम्या जागेवर हात फिरवताना मात्र तिने वहिनीला मनसोक्त शिव्या घातल्या. ही बाई पोर माझ्यापासून तोडतेय, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

रविवारी चौघं बागेत गेली. दादाने एका पंजावर हात ठेवला. त्याच्या हातात वहिनीचा हात, वहिनीच्या हातात आत्याचा, आत्याच्या हातात टिकलीचा, आणि टिकलीचा दुसरा हात पलीकडच्या पंजावर. झाड ढिम्म. पुन्हा धरले, तरी ढिम्म.

"आत्या, तू जरा बाजूला हो बघू," दादा म्हणाला. ती बाजूला झाली, वहिनीने टिकलीचा हात धरला आणि झाडं गायला लागली. मागे रांगेतले लोक हसले.

"वन्सं, झाडालासुद्धा लसूण चालत नाही वाटतं," वहिनी म्हणाली. टिकली इतकी हसली की तिला ठसका लागला. आत्याही हसली. मग तिघांच्या पिशव्या सांभाळत बाकावर बसली आणि आपल्याशिवाय चाललेलं गाणं तिने शेवटपर्यंत ऐकलं.

घरी आल्यावर तिने बोटांना साय चोळली. हातांत पायमोजे चढवून झोपली. एवढ्या मोठ्या गावात हे लोखंड आपल्यालाच का नाकारतंय, हा विचार तिला पोखरायला लागला. खानावळीत कुणी गंमत म्हणून हात पुढे केला तरी ती आपला मागे घ्यायची.

त्याच आठवड्यात एका दिवशी ती बागेतून चालली होती. एका झाडापाशी एक म्हातारा न्हावी उभा होता, दुसऱ्यापाशी त्याची बायको, आणि मध्ये एक माणूस कमी पडत होता.

"बाई, या जरा. एकाच माणसाची गरज आहे," न्हावी म्हणाला.

"माझ्या हाताने नाही वाजत ते."

"माझ्याही हाताने घरात काही वाजत नाही. या तुम्ही," म्हाताऱ्याची बायको म्हणाली आणि तिने आत्याचा हात ओढूनच घेतला.

झाडं गायली. वरच्या नळ्यांपासून सूर निघाला आणि पायांखालच्या फरशीत उतरला. आत्या बघतच राहिली. समोर एक मुलगी सायकल थांबवून ऐकत होती, बाकावरचा माणूस वर्तमानपत्र खाली ठेवत होता, आणि हे सगळं आपल्या दोन हातांतून जातंय हे तिला खरंच वाटेना. बोटांना काही कळत नव्हतं, पण छातीत कळत होतं. तिला रडू आलं, आणि ते लपवावं असंही वाटलं नाही.

झाडांचे पंजे पुसणारा माणूस शेजारीच फडकं घेऊन उभा होता. आत्याने त्याला विचारलं, "मग माझ्या घरच्यांबरोबर का नाही वाजलं?"

"मध्ये कापड आलं असेल. कातडीला कातडी लागली पाहिजे," तो म्हणाला. "साखळीत एकाने जरी पदरातून, बाहीतून धरलं, तरी संपलं. पुष्कळ लोक करतात तसं. किळस वाटते एकेकाला."

आत्या घरी पोचेपर्यंत तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्या रविवारी वहिनीने अंगभर शाल लपेटली होती. हात शालीतूनच दिला असणार, आणि या बोटांना शाल काय नि हात काय. वर लसणाची थट्टा. रविवारची वाट बघत आत्या हसतमुखाने सगळ्यांना वाढत राहिली. इतकी गोड वागली की दादाने तिला बरं आहे ना, म्हणून विचारलं.

रविवारी बाग गच्च भरलेली होती. आत्याला तशीच हवी होती. तिने आग्रह करकरून चौघांना मागच्याच क्रमाने उभं केलं. दादा, वहिनी, ती, टिकली. रांगेत वहिनीच्या दुकानातल्या दोघी होत्या, त्यांनाही तिने हाक मारून पुढे बोलावलं. हात धरले. झाडं गप्प.

"बघा सगळ्यांनी," आत्या मोठ्याने म्हणाली. "काल-परवा परक्या माणसांबरोबर हे झाड माझ्या हाताने गायलं. घरच्यांबरोबर गात नाही. का, ते सांगते. आमच्या वहिनींना माझा हात धरायची किळस येते. शालीतून धरतात. यांची पोर मी या हातांनी वाढवली, आणि आता पोरीलाही शिकवतायत."

दुकानातल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "अगं, काय बोलतेस," दादा पुटपुटला. वहिनीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने आत्याचा हात आपल्या हातासकट वर उचलला, सगळ्यांना दिसेल असा. शाल खांद्यावर होती. वहिनीची उघडी बोटं आत्याच्या उघड्या बोटांत अडकलेली होती.

"मी शालीतून धरते?" वहिनी म्हणाली. "टिकली, हो बाजूला. वन्सं, तुम्हीच लावा पंजाला हात. पोचतो, ताणा जरा."

आत्याने हात ताणला. तळवा पितळेवर टेकला आणि झाडं गायला लागली.

मग सगळ्यांनी टिकलीकडे पाहिलं. आत्याकडच्या हातावर तिच्या स्वेटरची बाही बोटांच्या टोकांपर्यंत ओढलेली होती आणि आतून मुठीत गच्च पकडलेली होती. बाहीची कड ओढून ओढून उसवली होती. ही कड आत्याने स्वतःच दोनदा शिवून दिली होती, पोरीला थंडी वाजते म्हणून.

"टिकली, हात दाखव," दादा म्हणाला.

"मला नाही धरायचा आत्याचा हात. टोचतो. आणि वास येतो, रात्रभर येतो," टिकली म्हणाली, आणि बाप ओरडेल या भीतीने पुढचंही बोलून गेली. "मी आईला सांगितलं होतं मला तिच्याजवळ नाही झोपायचं. आईच म्हणाली, आत्याला सांगू नकोस, मी सांगते तू मोठी झालीस म्हणून."

दादा काहीतरी बोलला, पण ते सुरात कुणाला ऐकू आलं नाही.

"बाही मी पहिल्याच रविवारी पाहिली होती," वहिनी आत्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाली. "म्हटलं लसणावर ढकलू, हसण्यावारी जाईल. वाईटपणा माझ्याकडेच राहू दे म्हटलं. तुम्हाला चार लोकांत तपासायची हौस होती ना? आता पुरतं ऐका."

तिने हात सोडला नाही. आत्यालाही पितळेवरचा हात काढवेना. काढला तर गाणं थांबणार होतं, आणि गाणं थांबलं की टिकलीकडे बघावं लागणार होतं. मागे उशिरा आलेल्या, काहीच ठाऊक नसलेल्या लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आत्याने खाली पाहिलं. वहिनीची नखं तिच्या हातात खोल रुतली होती. ती तिला दिसत होती, लागत मात्र नव्हती.