होडी उलटी आली तेव्हाचा पडदा

मित्रांनो, लोक मला चित्रांचा पडदा म्हणतात, पण मी आजवर एकही चित्र पाहिलेलं नाही. परळच्या गिरणीत मला विणलं आणि त्याच गिरणीत राबणाऱ्या कुशाबाने मला जादूच्या कंदिलाच्या खेळासाठी घरी नेलं. सुट्टीच्या दिवशी तो काचांवर चित्रं रंगवीत बसे.

खेळाआधी तो मला पाण्याने चिंब भिजवी, म्हणजे मागून पडलेलं चित्र पुढच्या लोकांना लख्ख दिसे. माझ्या पाठीला दिव्याची धग आणि समोर माणसांचे चेहरे. माझ्यावर काही टिकत नसे आणि खरं सांगायचं तर मला काही वाटतही नसे.

कुशाबाचा गाजलेला खेळ म्हणजे चंद्राची सफर, ती मी लोकांच्या तोंडूनच ऐकली. एक कोळी होडीत बसतो, होडी आभाळात चढते, लहान लहान होत चंद्राला लागते आणि खेळ संपतो. गिरगावात एका मास्तरांनी त्यावर नाक मुरडलं. वर वारा नाही, मग शीड कशाला, असं त्यांचं म्हणणं. ते ऐकून लालबागच्या चाळीतला गुणाजी जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम, म्हणाला की शीड नसेल तर होडी वर जाणार कशी? मला दोघांचंही पटलं. ज्याला कशाचंच काही नसतं, त्याला सगळंच पटतं.

लालबागच्या खेळाला रखमा यायची. वरळी कोळीवाड्यातली ही बाई मासळीची रिकामी पाटी शेजारी ठेवून अगदी पुढे बसे. तिचा नवरा लवू पावसाळ्याआधी होडी घेऊन दर्यात गेला, तो परतलाच नव्हता. नारळी पुनव होऊन गेली तरी तिने कुंकू पुसलं नव्हतं. वस्तीतल्या बायका समजावून थकल्या, पण ती ऐकेना आणि रडेनाही. चंद्र दिसला की सगळे आ वासत. हिचा चेहरा मात्र माझ्यासारखाच कोरा.

एकदा खेळ संपल्यावर ती कुशाबापाशी आली.

"दादा, तो गेलेला मागारी येतो का नाय?"

कुशाबाकडे परतीचं चित्रच नव्हतं. पण माणूस मायाळू.

"येतो तर. उद्या ये, दाखवतो," तो म्हणाला.

एका दिवसात नवी चित्रं कुठून रंगवणार? दुसऱ्या संध्याकाळी त्याने कोळी होडीत बसतो ती काच तेवढी वगळली आणि बाकी त्याच काचा उलट्या क्रमाने सरकवल्या. होडी चंद्रापासून निघाली आणि मोठी होत होत खाली आली. लोकांनी टाळ्या पिटल्या. आता कुठे खेळ पुरा झाला, असं गुणाजीने जाहीर केलं. एक गोष्ट मात्र कुशाबाच्या ध्यानात आली नव्हती. होडीचं तोंड अजून चंद्राकडेच होतं. ती पाठमोरी उतरली आणि शिडाआड माणूस काही दिसला नाही.

रखमा उठून माझ्यापाशी आली.

"आत मानूस असला त होरी तोंडानं येते," ती म्हणाली. "रिकामी होरी अशी येते, वाहत."

कुशाबा घाबरून मागून बाहेर आला. काचा मीच उलट्या सरकवल्या, तो नुसता खेळ होता, असं तो परोपरीने सांगू लागला.

"बरा केलास, दादा," रखमा म्हणाली. "कोनीतरी मना दाखवायला पायजे होता."

तिने माझा ओला कोपरा उचलला आणि कपाळ पुसलं. मला तेव्हाही काही वाटलं नाही. तिचं कपाळ मात्र फार गार लागलं.

पुढे हलती चित्रं आली आणि मी पेटीत पडलो. आता मला कसर लागली आहे. मित्रांनो, खेळ पाहून उठलात की तो चांगला की वाईट हे लगेच सांगू नका, आपल्या शेजारी कोण बसलं होतं ते आधी बघा. आणि माझी फडकी करायची झाली तर खुशाल करा. तेवढा लाल डागाचा कोपरा ठेवा. दर्यात गेलेल्या लवूला जमिनीवर दुसरी जागा नाही.