पिंपाच्या वाटेने आलेला संत

आमच्या व्हालमोराँ गावात द्राक्षवाल्यांचा लाकडी संत व्हँसाँ वर्षभर एका घरी मुक्कामाला असतो. जानेवारीत मिरवणुकीने निघतो नि पुढच्या घरी जातो. घरं पुष्कळ, पाळी जन्मात एकदाच. माझ्या सासूच्या हातून पाळी निसटली ती त्या वर्षी गावात लढाई आली म्हणून. यंदा पुन्हा आमची होती. ही हुकली तर पुढच्या पाळीला मी चर्चमागे आडवी झालेली असणार.

नियम दोनच. दुपारची घंटा व्हायच्या आत संत घरात पाहिजे, नाहीतर तो समोरच्या एर्मांसकडे जातो. आणि घरच्या मालकिणीने मेणबत्ती घेऊन त्याच्या आधी, त्याच दाराने आत जायचं.

दार हाच घोटाळा. गावात पाहण्यासारखं तीनच: पडका बुरूज, चर्चमधली रंगीत काच आणि आमचं दार. दगडी चौकट, वर कोरलेला द्राक्षांचा घड. उन्हाळ्यात पाहुणे आले की मी खुर्ची टाकून सांगते, ‘‘या दारातून राजा आत आला होता.’’ कुठला म्हणून विचारलं तर लुई म्हणते. इतके लुई होऊन गेलेत, एखादा तरी आला असेलच की.

रस्ता दरवेळी नवा करताना वर येत गेला, त्याबरोबर उंबरठाही उचलावा लागला नि दार बुटकं होत गेलं. गवंडी म्हणाला, उंबरठा खाली घेऊ. मी म्हटलं, ‘‘राजाचं पाऊल पडलंय त्यावर. हात लाव, बोटं मोडते.’’ मग संत गेलं वर्षभर ज्या घरी होता तिथे मी स्वतः जाऊन एप्रनच्या नाडीने संत मोजला, डोक्यापासून पायापर्यंत. मापात बसत होता. तो ज्यावर उभा असतो तो चौथरा मोजायचं काही मला सुचलं नाही.

मिरवणूक दाराशी आली नि संताचं कपाळ थाडकन चौकटीवर आपटलं.

‘‘काकू, जात नाही,’’ पिंपं बनवणारा फिर्मँ म्हणाला.

‘‘आडवा कर.’’

आडवा केला. पण आतला बोळ शिरल्याशिरल्या वळतो आणि लाकडी संत काही वळेना. पाय रस्त्यावर, डोकं माझ्या घरात. एर्मांसने तेवढ्यात गॅरेज उघडलं.

‘‘फिलोमेन, इकडे पाठव गं! ट्रॅक्टर बाहेर काढते.’’

‘‘ट्रॅक्टरशेजारी संत? लाज नाही वाटत?’’

‘‘राजाच्या दारात अडकण्यापेक्षा बरं.’’

लोक हसले. माझा मुलगा आन्सेल्मसुद्धा. सूनबाई ओडीलने हसू रुमालात लपवलं, ती शहाणी आहे.

‘‘आई, पहार आणू का? चौकट काढतो.’’

‘‘आधी मला काढ!’’

तेवढ्यात फिर्मँने भिंतीच्या पायाशी असलेल्या तळघराच्या झडपेवर लाथ मारली. तिथून आमची पिंपं दोन तिरप्या ओंडक्यांवरून दोरांनी खाली सोडतात. ‘‘एवढी मोठी पिंपं जातात. हा का नाही जाणार?’’

‘‘ते दार नव्हे!’’ एर्मांस ओरडली. ‘‘राजा काय तिथून आला होता?’’

‘‘तिथूनच आला!’’ मी म्हटलं. ‘‘दारू प्यायलाच आला होता ना? मग तळघरातच जाणार!’’

फिर्मँने झडप उघडलीसुद्धा. मला वाटलं, जिंकले.

‘‘बरं,’’ एर्मांस गोड आवाजात म्हणाली, ‘‘मग मालकीणबाई, तुम्ही आधी.’’

नियम तर होताच. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, लग्नकार्यातला काळा झगा, हातात पेटलेली मेणबत्ती. ओंडक्यांच्या टोकाला बसले. फिर्मँने बगलेखालून दोर घातला, अगदी पिंपाला घालतो तसा. ‘‘काकू, पोट आत घ्या.’’

‘‘तू तोंड मिट.’’

निम्म्यात दोर सुटला की त्याने सोडला, देव जाणे. मी जी सुटले ती तळाच्या चिखलात. मेणबत्ती विझली. वरून संताचे पाय माझ्याकडे येऊ लागले. मी ते दोन्ही हातांनी धरले नि त्याच वेळी घंटेचा पहिला ठोका पडला.

‘‘लागलं का गं?’’ वरून एर्मांस. आवाज खरंच घाबरलेला होता.

‘‘मला काय धाड भरलीय!’’

खरं सांगायचं तर मला उठता येत नव्हतं. पण गाव जिन्याने खाली येईपर्यंत मी झगा नीट पसरला, पाठ ताठ केली नि संताच्या चौथऱ्याला टेकून बसले. जो आला त्याने अभिनंदन म्हणून वाकून माझ्या गालाचं चुंबन घेतलं, एर्मांसनेसुद्धा. पाद्रीबाबांनी ओडीलला हळूच विचारलं, मालकिणीने जमिनीवर बसायचं हा जुना रिवाज आहे का?

‘‘फार जुना,’’ मीच उत्तर दिलं. ‘‘लुईच्या वेळचा.’’