वेनलानचे सर

"वेनलान, तू कधी कुणाला घाबरतेस का?"

हा प्रश्न आस्टाच्या डोक्यातला नव्हता. सोमवारी मधल्या सुट्टीत टिल्डे आणि कार्ला या दोघी मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं. चिनी शिकवणारी वेनलान म्हणे भीती सोडून जन्माला आली आहे. वर्गाला आग लागली तरी ही बाई आधी ओळ पूर्ण करेल आणि मग खिडकी उघडेल. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं म्हणून दोघी दाराआड उभ्या राहिल्या. आणि आपल्याकडे हिंमत आहे हे आस्टाला या नव्या शाळेत आल्यापासूनच कळलेलं असल्यामुळे, नवी सायकल मिळालेल्या मुलासारखी ती हिंमत दिसेल तिथे चालवून पाहायची.

वेनलान फळा पुसायची थांबली. "घाबरते की," ती म्हणाली. "माझ्या सरांना. गुरुवारी येतायत ते."

मग सगळं निघालं. चीनमधल्या सूचौ शहरातल्या तिच्या जुन्या शाळेची मुलं पाहुणी म्हणून येणार होती आणि त्यांच्याबरोबर निवृत्त झालेले छियू सर. वेनलान लग्न करून डेन्मार्कला निघाली तेव्हा सर तिला एवढंच म्हणाले होते, तिकडे आपली भाषा शिकणार कोण? वेनलान हे हसत हसत सांगत होती, पण हातातलं फडकं उगाच पिळत होती. मग तिने विचारलं, पाहुण्यांसमोर स्वागताचे चार शब्द आस्टा चिनीतून बोलेल का?

आस्टा हो म्हणून बसली. आपण काय कबूल केलं ते उमगलं नंतर, जिना उतरताना.

कारण शुक्रवारी शाखा निवडायची होती. पुढची तीन वर्षं कशात घालवायची हे एकदाच ठरणार होतं. बाबा पवनचक्क्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. लेक गणित-भौतिक घेणार हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. "तुझं तू ठरव" एवढंच म्हणायचे, आणि तेच जास्त जड जायचं. आस्टाला गणित येतही होतं छान. पण जीव होता चिनीवर.

तो जडला आठव्या वर्षी. बाबांनी कारखान्यातून घरी आणलेल्या लाकडी खोक्यांवर काळी अक्षरं छापलेली होती. ती तिने गॅरेजच्या भिंतीवर खडूने उतरवून काढली आणि दिवसभर त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. काय लिहिलंय ते बाबांनाही माहीत नव्हतं. पुढे चौदाव्या वर्षी तिने वेनलानच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. तिथे बाकी सगळे पेन्शनर, आणि त्यांच्यात ही एकटी पोर. काही महिन्यांनी एके दिवशी भिंतीवरची ओळ आपोआप वाचता आली: ओलाव्यापासून जपा. तेवढ्यावर ती घरभर नाचली होती. आईला वाटलं, हँडबॉलची मॅच जिंकली असेल.

पण वाचणं वेगळं आणि खऱ्याखुऱ्या चिनी माणसांसमोर तोंड उघडणं वेगळं. वेनलान सोडून ती आजवर कुणाशी चिनीत बोललीच नव्हती. म्हणून तिने मनाशी ठरवून टाकलं: गुरुवारी जीभ अडखळली, तर चिनी हा आपला छंदच राहू दे, मुकाट्याने गणित घ्यायचं.

आठवडाही असा की श्वास घ्यायला फुरसत नाही. मंगळवारी भौतिकचा अहवाल आणि त्यावर हँडबॉलचा सराव. बुधवारी डॅनिशचा निबंध अर्धा सोडून बेकरीत पाव विकायला उभं राहायचं. वेळ मिळायचा तो फक्त सायकलवर. वायलेच्या खाडीवरून समोरून वारा सुटला की ती भाषण खच्चून म्हणायची, कारण अशा वाऱ्यात कुणाला काही ऐकू येत नाही. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांना मात्र ऐकू आलं असावं. त्यांनी टोपी किंचित उचलली आणि कुत्र्याला घेऊन पलीकडच्या कडेला गेले.

गुरुवारी सभागृहात राय धान्याच्या काळ्या पावाच्या आणि हेरिंग माशांच्या ताटल्या मांडल्या होत्या. सूचौची मुलं हेरिंग एकमेकांकडे सरकवत होती. छियू सर पहिल्या रांगेत, गळ्यात मफलर, खुर्चीच्या पाठीला न टेकता ताठ बसलेले. शेजारी वेनलान शाळकरी मुलीसारखी गुडघे जुळवून.

आस्टाचं भाषण सुरेख झालं. एकही शब्द अडला नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण टाळ्या पडल्या आणि आस्टाबाईंना चेव आला. तिने आपल्या मनाचं एक वाक्य वर जोडलं. चिनीतूनच, वेनलानकडे हात करून: ही आमची वेनलान, आम्हाला ती फार आवडते.

टाळ्या थांबल्या. समोरच्या मुलांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने सगळ्यांदेखत बाईंची वेणी ओढली. एका मुलीचा हात तोंडावर गेला. वेनलानचे कान लाल झाले. तेव्हा कुठे आस्टाच्या डोक्यात प्रकाश पडला. ही मुलं आपापल्या बाईंना नुसत्या नावाने कधीच हाक मारत नसणार. गेलं सगळं, चिनी गेलं आणि सरांसमोर वेनलानची लाजही.

सरांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"मुली, तुझ्या बाईंना तू रोज अशीच नावाने हाक मारतेस?"

वेनलान उत्तर द्यायला उठली. सरांनी हातानेच तिला बसवलं.

"हो सर," आस्टा म्हणाली. "इथे सगळे सगळ्यांना नावानेच हाक मारतात. ते थर्मास उचलतायत ना, ते आमचे मुख्याध्यापक. ते पण नुसते बेंट."

मुलांनी माना वळवून बेंटकडे पाहिलं. बेंटने थर्मास हलवून दाखवला. त्याला वाटलं, कॉफी हवी आहे.

आस्टाला 'आदर' म्हणायचं होतं, पण तो शब्द काही केल्या आठवेना. मग ती लांबच्या वाटेने गेली. बेंटच्या तासाला मुलं उशिरा येतात, पण वेनलानच्या तासाला कुणी उशीर करत नाही. तिने दिलेली वाक्यं मी रोज सायकलवर ओरडत म्हणते, लोक मला वेडी समजतात. तिने एखादं अक्षर पुन्हा काढ म्हटलं तर पानभर काढते. "हाक नावाने मारतो," ती शेवटी म्हणाली, "पण ऐकतो तिचं."

सर वेनलानकडे वळले. "ही मला दिवसभर सर, सर म्हणायची," ते मुलांना म्हणाले, "आणि ऐकायची मात्र एकदाही नाही."

मुलं खिदळली. "काय हो सर," वेनलान म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी त्या मुलांच्या वयाचा झाला. सरांनी रिकामा पेला तिच्यापुढे केला. "शिकतात म्हणजे इथे," एवढंच म्हणाले. वेनलानने पेला दोन्ही हातांनी घेतला.

शाळा सुटल्यावर टिल्डे आणि कार्लाने आस्टाला सायकलींपाशी गाठलं. त्या म्हाताऱ्याशी एवढा वेळ कसलं भांडण चाललं होतं, असं विचारू लागल्या. आस्टा सांगायला गेली आणि मधेच थांबली. सरांनी काय विचारलं, आपण काय म्हणालो, हे तिला आता डॅनिशमध्ये जुळवून घ्यावं लागत होतं. तिथे उभी असताना तिने मनातल्या मनात एकाही वाक्याचा अनुवाद केला नव्हता. ती सायकलच्या कॅरिअरवरच टेकली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हिला काय झालं म्हणून त्या दोघीही हसल्या.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला आईने खिम्याचे गोळे तळले होते. बाबा कारखान्यातलं काहीतरी सांगत होते, पवनचक्कीच्या एका पात्याला गेलेल्या तड्याबद्दल. आस्टाने त्यांना मध्ये तोडलं नाही. पाटी भरून कारणं तिने दिवसभर जमवली होती. बाबांनी बोलणं संपवून बटाट्यांचं भांडं उचललं आणि मग तिच्या लक्षात आलं, यातलं एकही सांगायची गरज नाही.

"आई, बाबा," ती म्हणाली, "मी चिनी शाखा घेतलीये. दुपारीच शाळेत सांगून आले. आणि पुढच्या वर्षी सूचौला जाणाऱ्यांत माझं नाव दिलंय. आता वाढ ना बाबा, बटाटे गार होतायत."