मांडीच्या हाडाचा अपमान

"कालमुर्झा आजोबा, ते मांडीचं हाड तुम्ही परत केलंत, की खाल्लंत?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मीरगुलने भर बैठकीत विचारलं. दाराआडून खुसखुस ऐकू आली.

ताश-बुलाक म्हणजे कड्याला चिकटलेली अकरा घरं. तोरा मात्र अकराशे घरांचा! गेल्या शरदात खालच्या कारा-ओय गावात लग्न होतं. मेंढी शिजली, हाडं वाटली. कमरेचं हाड सगळ्यांत वडीलधाऱ्याला, मांडीचं त्याच्या खालच्याला, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. कालमुर्झांच्या ताटात मांडीचं पडलं. झालं! ताश-बुलाकने खालच्यांशी सोयरीक तोडली, येणंजाणं तोडलं आणि पोरांना त्यांच्या शाळेतूनही काढलं. वर शाळा आहेच कुठे? मीरगुलच्या वर्गातल्या खालच्या मुली दहावीला गेल्या; ही वर्षभर मेंढ्यांच्या मागे. येत्या सोमवारी शाळा उघडणार होती, आणि बहिष्कार पुढे चालवायचा का, यावर थोर मंडळी चहा ढोसत होती.

"खाल्लं," कालमुर्झा गुरगुरले. "अन्नाला लाथाडू का?"

"नळी ठोकून मगजही चोखलास की रे!" शेजारचा तुर्दुबेक म्हातारा खिदळला. "माझ्या कानाशी ठकठक चालली होती."

"मग कमरेचं कुणाला दिलं?" मीरगुलने विचारलं.

"त्या खालच्या जापारला."

"त्यांचं वय?"

सगळे एकदम आपापल्या चहाच्या वाटीत बघू लागले.

"अठ्ठ्याहत्तर," तुर्दुबेक पुटपुटला.

"आणि तुमचं, आजोबा?"

"शहात्तर! पण दाढी माझी जास्त पांढरी आहे!"

यावर हसून हसून बैठक मोडायला हवी होती. पण नाही. माना गंभीरपणे डोलल्या, हात वर झाले, बहिष्कार आणखी एक वर्ष. मीरगुलच्या बाबांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, आणि मग आपलाही हात वर केला.

घरी आल्याआल्या आई कडाडली, "थोरांना असं विचारतात? उद्या तुला करून कोण घेईल?"

"गावाचा मान असतो, पोरी," बाबा म्हणाले, तेही चुलीकडे बघत.

"असू दे. दाढीचे केस मोजत बसा सगळे," मीरगुल म्हणाली. "मी सोमवारी शाळेत जाणार. खाली मावशीकडे राहीन. आई, तिला काही निरोप असेल तर आत्ताच सांग. आणि बाबा, घोडा देणार असाल तर द्या, नाही तर मी पायी जाते."