सुतारपक्ष्याचा पाय

नव्या नोटेचा छाप टेबलावर आला तेव्हा मी भिंगाखाली आधी चोच पाहिली. चोच ठीक होती. तुऱ्याच्या पिसांची दिशा बरोबर होती, खोडाच्या सालीवरच्या भेगासुद्धा खऱ्या झाडाच्या होत्या. मग मी पायाशी आले आणि भिंग खाली ठेवलं.

तीन बोटं पुढे, एक मागे.

आमच्या डोंगरातल्या सुतारपक्ष्याची दोन बोटं पुढे असतात आणि दोन मागे. तीन पुढे आणि एक मागे हा पाय कावळ्याचा, चिमणीचा.

चूक कुठून आली हे मला लगेच कळलं. मी आईच्या ऑपरेशनसाठी रजेवर असताना नोटांच्या छापखान्याने आमच्या संग्रहालयातून पेंढा भरलेला सुतारपक्षी नेला होता. तो भरणाऱ्या माणसाचा हात कावळे-कबुतरं भरण्यात बसलेला; पायात तार घालताना त्याने सवयीने एक बोट ओढून पुढे आणलं. आमच्या पक्षी विभागात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तो कपाटाच्या तळाशी ठेवलेला. संग्रहालयाच्या कार्यालयाने नेमका तोच काढून दिला, कारण तो सगळ्यांत चकचकीत दिसत होता.

नव्या नोटांवर आधी तीन देशी जीव असणार होते. बेडकाला समिती हसली. काटेरी झुडपाच्या जागी कुणाच्या तरी बागेतला गुलाब आला. उरला सुतारपक्षी. तो फक्त आमच्याकडेच सापडतो आणि वठलेल्या झाडांच्या पोकळीत घर करतो. वनखातं ती झाडं वाळकं लाकूड म्हणून तोडतं. पक्षी नोटेवर आला तर निदान कुऱ्हाड उचलताना कुणी विचारेल, हा इथे राहतो का, एवढीच माझी आशा होती. त्यासाठी दोन वर्षं मी समितीच्या बैठकांत गार चहा पीत बसले होते.

मी नोट विभागाच्या साहेबांना फोन लावला. त्यांना सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणत.

"पाय चुकलाय," मी म्हटलं.

"कुणाचा?"

"पक्ष्याचा. एक बोट मागे हवं, ते पुढे आलंय."

"मॅडम, पक्षी तुमच्याच कपाटातला ना? मग तक्रार कुणाची कुणाकडे करताय?"

"कपाटातला चुकीचा आहे. जंगलातला बरोबर आहे."

"जंगलातल्याने समितीपुढे यायला हवं होतं मग." ते स्वतःच्याच विनोदावर हसले. "हे बघा, चित्र मंजूर झालंय. बदल म्हटला की पुन्हा समिती. आणि समितीकडे पुलाचं चित्र तयार आहे. पुलाला पायांची बोटं नसतात. शुक्रवारी सही करायला या."

घरी जेवताना मी भात नुसता चिवडत होते. नवऱ्याने विचारलं म्हणून सांगितलं, आणि सांगितल्याचा पश्चात्ताप झाला.

"अगं, नोट हातात आली की लोक आकडा बघतात. पक्ष्याच्या पायांची बोटं कोण मोजतंय?"

"मी मोजते."

"तू पगाराच्या नोटासुद्धा मोजत नाहीस!"

सासूबाई म्हणाल्या, "सही करून टाक बाई. त्या मेल्या पक्ष्यापायी जेवण कशाला टाकतेस?"

मी ताटातलं संपवलं. चव कशाचीच लागली नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त चीड येत होती. पण खाली माझी सही असणार होती. माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला पाय ओळखायला शिकवते.

दुसऱ्या दिवशी मी जंगलात काढलेले फोटो आणि संग्रहातला एक सुटा वाळका पाय डबीत घालून छापखान्यात गेले. चित्र छपाईच्या पोलादी पट्टीवर कोरणाऱ्या गृहस्थांना तिथे उस्ताद म्हणत. त्यांनी डबी उघडली, नाक मुरडलं, मग पाय दिव्याखाली धरला.

"आठ महिने मान मोडून कोरला हो हा पक्षी," ते म्हणाले. "आणि आता हे दाखवताय?"

"मी रजेवर होते."

"सगळे रजेवरच असतात. मी आयुष्यात सुतारपक्षी पाहिलेला नाही. जे पुढे ठेवलं ते कोरलं." बराच वेळ ते फोटो बघत राहिले. "पोलादावरची रेघ पुसता येत नाही, बाई. वाढवता येते. पुढचं हे बोट सालीच्या सावलीत बुडवता येईल. मागचं नव्याने काढता येईल."

"मग काढा ना!"

"मूळ पट्टीला हात लावला तर घरी बसावं लागेल. याच चित्राची एक जादा पट्टी असते, सरावाला. तिच्यावर बघतो. पण साहेब ज्या छापावर सही करतील तीच पट्टी यंत्रावर चढेल. त्यांना पटवायचं काम तुमचं."

शुक्रवारी आम्ही दोघं जुना आणि सुधारलेला असे दोन्ही छाप घेऊन घाईसाहेबांच्या खोलीत गेलो. उस्तादांचं काम अप्रतिम होतं. नवा पाय झाडाला खरोखर धरून होता. मी दोन्ही छाप शेजारी मांडले आणि भिंग पुढे केलं. भिंग न घेता साहेबांनी छाप उचलले, आलटूनपालटून डोळ्यांसमोर धरले, उजेडात नेले, परत टेबलावर टाकले.

"फरक कुठे आहे?"

मी बोटाने दाखवायला पुढे झाले.

"राहू द्या, राहू द्या. मला दिसत नाही म्हणजे जनतेलाही दिसणार नाही. आणि फरकच नाही तर बदल हवा कशाला? जुनाच चालवू, समितीने पाहिलेला."

"साहेब, अहो, पक्ष्याची ओळखच त्या..."

"मॅडम, जुना की पूल? एवढंच बोला."

दोन वर्षं, आठ महिने, डबीतला पाय, आणि या माणसाला भिंग उचलायचाही कंटाळा.

"जुना," मी म्हटलं.

"शाबास." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. दोन्ही छापांवरून त्यांची नजर इकडून तिकडे फिरली. "यांतला जुना कुठला?"

उस्ताद खिडकीकडे बघू लागले.

आजवर मी एका पिसाची नोंद चुकीची केलेली नाही. डावीकडच्या छापावर सुतारपक्षी दोन बोटं मागे रोवून खोडाला धरून होता. मी तोच पुढे सरकवला.

"हा."

साहेबांनी सही केली आणि छाप माझ्याकडे फिरवला. त्यांच्या सहीखाली मी माझी केली. अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं.

"पाहिलंत?" पेन खिशाला लावत ते म्हणाले. "शेवटी जुनाच बरा ना? उगाच सगळ्यांचा आठवडा खाल्लात."

मी भिंग उचलून पर्समध्ये टाकलं.

"हो," मी म्हटलं. "माझंच चुकलं."